झाड क्रमांक सात

मॅडमच्या खोलीत खोडरबर नव्हता. हे मला पहिल्याच दिवशी कळलं. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाच्या टोकाला त्यांची लहानशी खोली होती. मी एका कागदावर बाविसाच्या जागी बत्तीस लिहून बसले आणि सवयीनं पाऊचमधून रबर काढला. त्यांनी माझा हात धरला. रागावल्या नाहीत, नुसता हात धरला.

"पुसायचं नाही गं. एक रेघ मार. शेजारी बरोबर आकडा लिही. आणि सही कर."

"पण चूक आहे ना मॅडम ती."

"चूकच आहे. म्हणून तर दिसली पाहिजे. उद्या कुणी विचारलं की आधी काय लिहिलं होतं, तर दाखवता आलं पाहिजे."

त्यांच्या कपाटात अकरा रजिस्टरं होती, एका वर्षाचं एक. वरूडच्या तीन बागांमधली चाळीस संत्र्याची झाडं त्यांनी अकरा वर्षांपूर्वी निवडली होती. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा मोहोर, धरला की दर आठ दिवसांनी त्या तिथे जायच्या आणि प्रत्येक झाडाखाली गळून पडलेली फळं मोजायच्या. कोणत्या झाडाची किती फळं गळाली, कोणत्या बाजूची गळाली, त्या आठवड्यात ऊन कसं होतं, पाणी कधी दिलं होतं, एवढंच त्यात असायचं. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईनं बेरीज असे. ती जुळली नाही तर मॅडम त्या पानाला हात लावू देत नसत. "तळ जुळला नाही तर पान खोटं," असं म्हणायच्या. अकरावं वर्ष संपल्यावर मोजणी थांबली होती, आणि या अकरा रजिस्टरांवर त्यांचा प्रबंध उभा राहायचा होता. त्यांनी तो फार उशिरा, मुलीचं लग्न झाल्यावर, लिहायला घेतला होता. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. त्याआधी तो द्यायचा होता.

मी तेव्हा संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. घर अकोल्याचं. बाबा दालमिलमध्ये चाळणीवर असतात, आई घरी शिवणकाम करते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्याचा अर्थ एवढाच की काही अडलं तर घरी विचारायला कुणी नव्हतं, आणि कॉलेजात विचारायची मला लाज वाटायची. वर्गातल्या मुलींना जे आधीच माहीत असतं ते आपल्याला माहीत नाही, हे उघडं पडू नये म्हणून मी गप्प बसायचे. नंतर फोनवर इंग्रजी पानं उघडून, एकेक वाक्य दोनदोनदा वाचून, जमेल तसं समजून घ्यायचे. जे काही येतं ते असं आलेलं आहे. त्यामुळे त्यात भोकं फार आहेत, आणि ती कुठे आहेत ते मलाच माहीत नसतं.

मॅडमना रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये घालून हवी होती. त्यांच्याकडे एक जुना प्रोग्राम होता. कधीतरी एका विद्यार्थ्यानं त्यांच्यासाठी बनवून दिलेला. झाडांची नावं, बागांचे नकाशे, आलेख, सगळं त्यात होतं आणि त्यांना तो पाठ होता. तो फक्त फार जुन्या विंडोजवर चालायचा, आणि ते विंडोज ज्या कॉम्प्युटरवर होतं तो दिवसातून दोनदा बंद पडायचा. माझ्या वर्गशिक्षिकांनी माझं नाव सुचवलं. मी सुट्टीच्या तासांत जाऊन बसायला लागले.

मॅडम वाचायच्या, मी टाइप करायचे. "बाग तिसरी. झाड सात. उत्तर बाजू. बावीस." "बावीस." "दक्षिण. नऊ." "नऊ." असं तासन् तास. मधेच त्या चष्मा काढून सांगायच्या, की या दिवशी बागेत साप निघाला होता, किंवा या आठवड्यात त्या आजारी होत्या म्हणून त्यांचे यजमान जाऊन मोजून आले आणि त्यांनी पालापाचोळ्यातली अर्धी फळं पाहिलीच नाहीत. त्या ओळीला रेघ होती, शेजारी दुसऱ्या दिवशीचा आकडा होता, आणि सही. झाड क्रमांक सात त्यांचं लाडकं होतं. आजूबाजूच्या झाडांची फळं गळायची तेव्हा त्याची टिकायची. का टिकतात, हे त्यांना सांगायचं होतं. प्रबंधाचा गाभा तोच होता असं म्हटलं तरी चालेल.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. तळाच्या बेरजा आम्ही टाइप केल्या नाहीत. मीच म्हणाले, "मॅडम, बेरीज प्रोग्राम आपोआप करतो. ती कशाला घालायची?" त्यांना पटलं. वेळ वाचला.

जुना कॉम्प्युटर बंदच पडला, तेव्हा मी एक उपाय सुचवला. त्याची अख्खी डिस्क जशीच्या तशी एका मोठ्या फाइलमध्ये उतरवायची आणि ती फाइल आमच्या लॅबच्या सर्व्हरवर चालवायची. म्हणजे सर्व्हरच्या पोटात तो जुना कॉम्प्युटर जिवंत राहतो, त्याला कळतही नाही की त्याला शरीर नाही. लॅब सांभाळणारे एक भाऊ होते. वीस वर्षांपासून तिथेच. त्यांनी परवानगी दिली, पण टोमणा मारल्याशिवाय नाही.

"या, इंजिनेर बाई. आता काय घुसवून राहिल्या माह्या सर्व्हरमध्ये?"

"संत्र्याचा प्रोग्राम, भाऊ."

"घुसवा. एवढे पोट्टे त्याच्यात गाणे घुसवतात, तुमी संत्रे घुसवा. पण पाह्यजा, रस नाई गळला पाह्यजे."

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. जे लिहिलं जाईल ते दोन्हीवर लिहिलं जायचं, म्हणजे एक गेली तर दुसरी आहे. मला त्या दोन डिस्कचा फार आधार वाटायचा.

पण सर्व्हरच्या पोटातली ती मशीन हळू चालायला लागली. सुरुवातीला ठीक होती, मग दर आठवड्याला जास्त हळू. एक पान जतन करायला मॅडमना इतका वेळ लागायचा की त्या मधे चहा पिऊन येत. "आमचं वय झालं तसं हिचंही झालं वाटतं," म्हणायच्या. हसून म्हणायच्या, पण मला ते लागायचं. उपाय मी सुचवलेला होता.

मी शोधायला बसले. चार-पाच दिवस लागले. कारण कळलं तेव्हा आश्चर्य वाटलं, कारण ते मॅडमच्या रजिस्टरासारखंच होतं. आमच्या सर्व्हरवर फाइल ठेवायची जी पद्धत होती, तिच्यात लिहिलेलं कधी पुसलं जात नव्हतं. एखादा तुकडा बदलायचा झाला की नवा तुकडा दुसऱ्या मोकळ्या जागी लिहायचा, आणि मगच अनुक्रमणिकेत जुन्याच्या जागी नव्याचा पत्ता टाकायचा. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनं शाबूत राहतं. शिवाय प्रत्येक तुकड्याची एक खूण वेगळी लिहून ठेवलेली असते. वाचताना ती खूण जुळली नाही तर तो तुकडा खोटा, आणि मग दुसऱ्या डिस्कवरचा खरा तुकडा आणून तो दुरुस्त केला जातो. लाल शाईची बेरीज म्हणजे हीच.

साध्या फाइलींना हे चांगलं. पण अख्खा कॉम्प्युटर ज्या फाइलमध्ये राहतो ती दिवसभर थोडी थोडी बदलत असते. प्रत्येक बदल नव्या जागी. महिन्याभरात आमच्या फाइलचे इतके तुकडे झाले होते की मोजणाऱ्या आज्ञेनं जो आकडा दिला तो मी दोनदा वाचला. एक रजिस्टर, पण त्याचं प्रत्येक पान वेगळ्या गावात.

त्यावर उपायही होता. त्या एका फोल्डरपुरती ही सवय बंद करता येते. त्याला खास निशाणी म्हणून एक अक्षर लावायचं, की त्यातल्या फाइली जागच्या जागी पुसून लिहिल्या जातात. मी ते अक्षर आमच्या फाइलला लावलं आणि काहीच झालं नाही. दोन दिवस मी तेच तेच करत बसले. मग कळलं की ते भरलेल्या फाइलला चालत नाही. आधी रिकामं फोल्डर घ्यायचं, त्याला अक्षर लावायचं, मशीन बंद करायची आणि फाइल त्यात खरीखुरी नव्यानं उतरवायची. नुसती सरकवली तर जुनीच राहते.

एका दुपारी मी तसं केलं. मशीन सुरू केली. मॅडमनी एक पान जतन केलं आणि त्यांची बोटं कळफलकावरून उठायच्या आत ते जतन झालं. त्यांनी परत केलं. परत तसंच.

"अगं, ही तर पळायला लागली!"

भाऊ मागे उभे होते. "पोट्टीनं करून दाखवलं, बाप्पा," ते म्हणाले आणि पुढचे दोन दिवस लॅबमध्ये येईल त्याला सांगत राहिले. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला विचारलं, कसं केलंस? मी समजावून सांगितलं. तोपर्यंत कॉलेजात मला कुणी काही विचारलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. ज्या पानावर मला हा उपाय सापडला, त्याच्या शेवटी एक परिच्छेद होता. ही सवय बंद केली की प्रत्येक तुकड्याची खूण ठेवणंही बंद होतं, आणि दोन डिस्कवर लिहिताना मधे वीज गेली तर दोन्ही प्रती वेगळ्या होऊ शकतात आणि मग खरी कोणती हे कुणालाही सांगता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी तो परिच्छेद वाचला होता. मला समजला नाही असंही नाही. नेहमीप्रमाणे दोनदा वाचला होता. मी मनाशी म्हटलं, यूपीएस आहे, दोन डिस्क आहेत, दर शनिवारी भाऊ बाहेरच्या डिस्कवर प्रत काढतात. आणि मॅडमना सांगायचं म्हटलं तर काय सांगायचं? की मी तुमची मशीन वेगवान केली, पण तिची बेरीज काढून टाकली? त्या नको म्हणाल्या असत्या. मशीन परत हळू झाली असती आणि मी परत गप्प बसणारी मुलगी झाले असते.

मी सांगितलं नाही.

त्यानंतर महिन्याभरानं कॉलेजला तपासणी समिती येणार असं कळलं. आमच्याकडे समिती यायची म्हणजे काय असतं ते शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, आणि कपाटं रिकामी होतात. जुनं कागदपत्र दिसलं तर विभाग मागासलेला वाटतो, अशी समजूत. शिपाई दर विभागात पोती घेऊन फिरत होता. मॅडमच्या खोलीत आला तेव्हा मी तिथेच होते. मॅडमनी रजिस्टरं काढून टेबलावर ठेवली, अकराच्या अकरा. वरच्या रजिस्टरावर हात ठेवून त्यांनी मला विचारलं,

"हे आता ठेवायला हवं का गं?"

त्यांनी मला विचारलं. विभागप्रमुखांना नाही, यजमानांना नाही. मी म्हणाले,

"मॅडम, सगळं आत आहे. दोन डिस्कवर आहे."

"मग घरी नेऊन तरी काय करू? माळ्यावर जागा नाही." त्यांनी पहिलं रजिस्टर उघडून एक पान पाहिलं आणि मिटलं. "घेऊन जा बाबा," त्या शिपायाला म्हणाल्या.

खिडकीतून मी ती पोती रद्दीवाल्याच्या ऑटोत चढताना पाहिली. मला वाईट वाटलं नाही. उलट आपण एका विभागाला आधुनिक केलं असं वाटलं. हेही खरं लिहिते.

मग मे महिना आला. अमरावतीत मे महिन्यात दुपारी वीज किती वेळा जाते हे इथल्या माणसाला सांगायला नको. यूपीएसची बॅटरी उतरलेली आहे हे भाऊंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. नव्या बॅटरीचा अर्ज वर गेला होता. सर्व्हर धाडकन बंद पडायचा आणि वीज आली की उठायचा. मी धावत जाऊन मॅडमची मशीन सुरू व्हायची वाट पाहायचे. दर वेळी सुरू व्हायची. 

जून संपता संपता मॅडमनी मला बोलावलं. त्या प्रबंधाचे तक्ते काढत होत्या.

"हे बघ गं. सातव्या झाडाला चौथ्या वर्षी एवढी फळगळ? त्या वर्षी तर त्याला बहारच आला नव्हता. मी फोटो काढला होता. शून्य असायला पाहिजे."

मी पाहिलं. एक्केचाळीस. कदाचित टाइप करताना चुकलं असेल, असं मी म्हणाले. मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. तेच पान उघडलं. शून्य.

आम्ही दोघी त्या शून्याकडे पाहत राहिलो.

"आत्ता तर एक्केचाळीस होतं," मॅडम म्हणाल्या.

मी पुन्हा बंद केली. पुन्हा सुरू केली. एक्केचाळीस.  मला तो परिच्छेद शब्दन् शब्द आठवला.

झालं होतं ते असं. त्यांचा प्रोग्राम जुना होता. एक पान जतन केलं तरी तो मागचं सगळं नव्यानं रांगेत लावायचा. त्या रांगा लावत असतानाच मे महिन्यात वीज जायची. एका डिस्कवर अर्धी नवी रांग, दुसऱ्यावर जुनी. मशीन प्रत्येक वेळी सुरू झाली की कधी या डिस्कवरून वाचायची, कधी त्या. कुणाचंच म्हणणं तपासायला खूण नव्हती, कारण खुणा मी बंद केल्या होत्या. आणि पुढच्या वेळी पान जतन केलं की तो प्रोग्राम दोन्हींची मिसळ वाचून, तीच मिसळ पक्की करून दोन्ही डिस्कवर लिहायचा. सातव्या झाडाची फळं आठव्याखाली, तिसऱ्या वर्षाची पाचव्यात. महिनाभर हे रोज चाललं होतं. मॅडम रोज काम करत होत्या, म्हणून.

मी दोन्ही डिस्क वेगळ्या काढून दोन्हींवरचे तक्ते शेजारी शेजारी लावले. जिथे वेगळे होते तिथे खरा कोणता ते ठरवायला काही नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, जिथे दोन्ही सारखे होते तिथेही ते खरे असतील असं म्हणता येत नव्हतं. बाहेरच्या डिस्कवर भाऊ दर शनिवारी प्रत काढायचे, पण जागा पुरत नाही म्हणून मागची काढून टाकून. तिच्यावर मागच्या शनिवारची मिसळ होती. जुना कॉम्प्युटर समितीच्या साफसफाईत भंगारात गेला होता, आणि फाइल नव्यानं उतरवल्यावर जुनी मीच पुसली होती. तळाच्या बेरजा टाइप केल्या असत्या तर निदान खोटं पान कोणतं ते कळलं असतं.

मी मॅडमना सगळं सांगितलं. परिच्छेदाचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "तू वाचलं होतंस?"

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

 "काहून सांगितलं नाई?" असं आई विचारते तेव्हा मी रडून मोकळी होते. तिथे रडताही आलं नाही.

भाऊंनी मला गाडीवर बसवलं आणि आम्ही रद्दीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, कॉलेजचा माल त्याच आठवड्यात पुढे गेला, कागद कारखान्याला. भाऊ त्याच्याशी भांडले. "रजिस्टर होते ना बे त्याच्यात, जाड पुठ्ठ्याचे! तुले दिसले नाई?" तो म्हणाला, "भाऊ, जाड पुठ्ठा दिसला म्हणूनच त घेतले." परत येताना भाऊ टोमणा मारतील असं वाटलं. मारला नाही. त्यांनी तेव्हा एखादा टोमणा मारायला हवा होता.

शेवटी मॅडम म्हणाल्या, झाडं तर आहेत ना. निदान सध्याची स्थिती मोजू, फांद्यांवरच्या खुणा पाहू, बागवानांना काही आठवतं का विचारू. आम्ही दोघी एसटीनं वरूडला गेलो. वाटेत त्या खिडकीकडे बसून होत्या आणि मी त्यांच्या हातातली पाण्याची बाटली धरून होते, का ते माहीत नाही.

पहिल्या दोन बागा जागेवर होत्या. तिसऱ्या बागेकडे वळलो तर समोर सगळं मोकळं. सोयाबीन गुडघ्याइतकं झालं होतं. बागेचे मालक बांधावर आले, मॅडमना ओळखून हसले.

"या बाई, या. लय दिवसानं आल्या. बाग त काढली आमी. झाडं वाळून राहिले होते, एकेक करून. मंग पोरगा म्हणे काढून टाक एकसाथ."

"सगळी?"

"सगळी. जेसीबीनं."

"सात नंबरचं पण? ते तर चांगलं होतं."

ते विचारात पडले. "तुमचं ते चुन्याचा पट्टा मारलेलं? थे चांगलंच होतं, बाई. पण मधात एक झाड ठेवून काय करता? ट्रॅक्टर फिरत नाई." मग त्यांना वाईट वाटलं असावं. "घरी या ना. त्याचं लाकूड अजून पडलेलं हाय. चहा त्याच्यावरच होते आमचा."

आम्ही चहा घेतला. चुलीत संत्र्याचं लाकूड होतं. मॅडमनी ओंडक्यांकडे पाहिलं, एक उचलून चुन्याचा पट्टा शोधला. नव्हता. त्यांनी तो खाली ठेवला आणि हात झटकले. कोणत्या वर्षी काय झालं ते आठवतं का, असं मॅडमनी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "आमाले काय आठवते बाई. तुमी लिहून ठेवत होत्या ना. आमी त तुमच्या भरोशावर होतो."

तिथून परत आल्यावर मॅडमनी एकदा प्रयत्न केला. त्यांनी सगळे तक्ते छापून घेतले, आणि लाल पेन घेऊन एकेक ओळ पाहायला बसल्या. जिची खात्री नाही तिच्यावर एक रेघ, शेजारी सही. चार दिवस चाललं. मी समोर बसून पानं पुढे सरकवत होते. पहिल्या दिवशी त्या म्हणायच्या, "हे मला आठवतं, हे बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी "बहुतेक" म्हणायला लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या दिवसाची पानं परत मागवली आणि त्यांवरही रेघा मारल्या. चौथ्या दिवशी दुपारी पेन ठेवला. रेघ नसलेल्या ओळी इतक्या थोड्या होत्या की त्यांचा आलेख निघत नव्हता.

"आठवणीवर प्रबंध होत नाही," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहून नाही, पानांकडे पाहून.

त्यांनी मार्गदर्शकांना पत्र लिहून नोंदणी मागे घेतली. पत्रात कारण म्हणून प्रकृती लिहिली. माझं नाव कुठेही आलं नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं मी त्या दिवसांत फार वेळा मनात म्हटलं. पण ते मला बरं वाटलं असतं, त्यांना काही मिळालं नसतं.

बाबा मिलमध्ये असताना फोनवर त्यांना सांगायचा प्रयत्न केला. "पोटात दाणा जात नाई का तुह्या?" ते म्हणाले, "आई म्हणे, आवाज बसला. काय झालं वं?" मी सांगितलं की माझ्या हातून एका बाईंचं अकरा वर्षांचं काम गेलं.  मागे चाळणीचा आवाज येत होता.

"जाणूनबुजून केलं का?"

"नाही."

"मंग?"

"माहीत होतं, पण सांगितलं नाही."

"हं," बाबा म्हणाले.  चुकलं तर चुकलं असं ते नेहमी म्हणतात. त्या दिवशी म्हटलं नाही. "जेवून घे," एवढं म्हणून फोन ठेवला.

मी त्या फोल्डरचं अक्षर काढलं, जुनी सवय परत सुरू केली आणि फाइल पुन्हा नव्यानं उतरवली. का केलं ते सांगता येत नाही. मशीन परत हळू चालायला लागली असती. कुणी ती चालवून पाहिली नाही.

निकाल लागल्यावर मी अकोल्याला परतले. आता एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम शिकते आहे. मॅडम निवृत्त झाल्या. समारंभ झाला असं ऐकलं. मला बोलावलं होतं, मी गेले नाही.

मागच्या महिन्यात दाखल्याचे कागद आणायला कॉलेजात गेले तेव्हा लॅबमध्ये डोकावले. भाऊ खुर्चीवर उभे राहून पंखा पुसत होते.

"आली का वं? बरं झालं. प्रॅक्टिकलच्या पोट्ट्यांले जागा पाह्यजे सर्व्हरवर. थे तुमचं संत्र्याचं मशीन तसंच पडून हाय. ठेवू का काढू?"

"मला नका विचारू, भाऊ. मॅडमना विचारा."

"तू विचार. मले नाई जमत त्यायले विचारणं."

मी बाहेर व्हरांड्यात येऊन मॅडमना फोन केला. त्यांनी पहिल्यांदा माझी चौकशी केली, बाबांची केली. मी विषय काढला. समिती येण्याआधीचं, रद्दीचं, बागेचं काहीही न बोलता त्या म्हणाल्या,

"पुसून टाक."

"मॅडम, एखादी प्रत मी माझ्याकडे..."

"नको गं. पुसून टाक."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून आज्ञा म्हणून पहिल्यांदा ऐकला. आत आले, भाऊंनी खुर्ची दिली. मी फोल्डर उघडलं, आज्ञा टाइप केली, बरोबर आहे ना म्हणून एकदा वाचली, आणि कळ दाबली. एवढी मोठी फाइल, तिला काहीतरी वेळ लागेल असं मला वाटलं होतं. लागला नाही.

"झालं?" भाऊंनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले, आणि खुर्ची परत जागेवर सरकवली.